वहिनींचे बासष्ट

यादीत एकतीस नावे होती आणि त्यांतली सहाच निवडायची होती. संशोधनासाठीच्या नव्या संगणक-प्रणालीचा मूळ गाभा तर येणारच होता. प्रश्न होता तो त्याच्या जोडीला कोणते टूलबॉक्स घ्यायचे, म्हणजे निरनिराळ्या जातींचे गणित करणारे कोणते सुटे भाग त्याला जोडायचे, एवढाच. एकदा खुणा झाल्या की पाच वर्षे बदल नाही, असे खरेदी विभागाने ठणकावून सांगितले होते. अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवा होता, आणि महिनाअखेरीस निवृत्त होणाऱ्या विभागप्रमुखांच्या सहीनेच हवा होता.

अर्थशास्त्राच्या या विभागप्रमुखांना सारी संस्था वहिनी म्हणत असे. त्याला कारण होते त्यांचे धाकटे दीर. ते संस्थेच्या संगणक केंद्राचे प्रमुख. पंचवीस वर्षे त्यांनी लांबलचक जिन्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे "वहिनी" अशी खणखणीत हाक मारली, आणि हळूहळू संचालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव बसले. दीर ओघानेच सगळ्यांचे भावोजी झाले. वहिनींना हे आवडत होते की नाही, हे विचारण्याची कुणाची छाती झाली नव्हती. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाई त्या. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की त्यांनी साधे "बसा" म्हटले तरी समोरचा आधी उभा राही.

सोमवारच्या बैठकीत पाच खुणा वीस मिनिटांत उरकल्या. स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमेट्रिक्स यांवर वाद असण्याचे कारण नव्हते. फायनान्सचा टूलबॉक्स रोखे आणि जोखीम यांवर काम करणाऱ्यांना हवा होता, डेटाबेसचा सगळ्यांना, आणि एकाच वेळी अनेक यंत्रांवर काम वाटून देणारा भावोजींना. अडले ते सहाव्यावर.

"ऑप्टिमायझेशन घ्यायला हवा, मॅडम," संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणाल्या. माहितीशी सर्वांत जुळणारे उत्तर हुडकून काढणारा तो टूलबॉक्स. संस्थेत त्यांना चारच वर्षे झाली होती. भावोजींनी पहिल्याच आठवड्यात त्यांना 'काटेकोर' हे नाव बहाल केले होते आणि ते त्यांना तंतोतंत बसले होते. वहिनींना मॅडम म्हणणाऱ्या संस्थेत त्या एकट्याच.

"तो कशाला? आपला घरचा आहे की."

"घरचा बावीस वर्षांचा झालाय."

"मग? बावीस वर्षांचं झालं की काय घराबाहेर काढतात?"

"लग्न करून देतात, वहिनी," भावोजी कागदावरून नजर न काढता म्हणाले.

खरेदी अधिकारी हसले आणि लगेच खोकल्यासारखे केले. वहिनींनी यादीवर पेन आपटले. "नकाशे काढणारा घ्या. प्रत्येक अहवालात हल्ली नकाशा मागतात. उत्तर हुडकणारा प्रोग्रॅम भावोजींनी लिहिलेला आहे, माझ्या देखरेखीखाली लिहिलेला आहे, आणि बासष्ट त्यातूनच आलेलं आहे."

बासष्ट म्हटल्यावर कुणी पुढे बोलत नसे. ठेवींवरचा व्याजदर एक टक्क्याने वाढला तर घरोघरची बचत किती टक्क्यांनी वाढते, या प्रश्नाचे ते उत्तर होते: शून्य पूर्णांक बासष्ट. बावीस वर्षांपूर्वी वहिनींनी ते काढले. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ताजी माहिती घालून त्या पुन्हा मोजत गेल्या. कधी एकसष्ट येई, कधी त्रेसष्ट, पण आकडा आपली जागा सोडत नसे. त्याच्या या एकनिष्ठेचा वहिनींना आपल्या मुलाच्या पदव्यांहून अधिक अभिमान होता. पाठ्यपुस्तकांत त्याला 'वहिनींचे बासष्ट' असे म्हटलेले नव्हते, पण ती लिहिणारे खासगीत तसेच म्हणत.

काटेकोर बाईंनी वही मिटली नाही. "एक करू या का? चाचणी-प्रत शुक्रवारपर्यंत चालू आहे. तुमचीच बचतीची माहिती नव्या टूलबॉक्समधून काढू. तेच उत्तर आलं तर सहावी जागा नकाशांना."

"खुशाल चालवा," वहिनी म्हणाल्या. "बासष्ट येईल. तुमचा एक दिवस फुकट जाईल, एवढंच."

काटेकोर बाईंचा दिवस फुकट गेला नाही. मंगळवारी अकरा वाजता त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा वहिनी छापखान्याकडून आलेली मुद्रिते तपासत होत्या. निवृत्तीनिमित्त संस्था त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह काढत होती. पहिल्या लेखाच्या मथळ्यातच तो आकडा होता. मुद्रिते शुक्रवारी परत जायची होती.

"अडतीस," काटेकोर बाई म्हणाल्या.

"काय अडतीस?"

"शून्य पूर्णांक अडतीस. सतराशे चाळीस फेऱ्यांनंतर स्थिरावलं."

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माहिती कुठली घेतलीत?"

"तुम्ही दिलेली."

"वाचताना रकाने सरकले असतील."

"तीनदा पाहिलं, मॅडम."

"चौथ्यांदा पाहा."

काटेकोर बाई निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेशही नव्हता, आणि नेमके तेच वहिनींना टोचले. त्यांनी मुद्रितांचे पुढचे पान घेतले, तीन ओळी वाचल्या, पहिल्या ओळीवर परत आल्या. खिडकी उघडली. वाऱ्याने कागद उडू लागले म्हणून लावली. कपाटातल्या फायली उंचीप्रमाणे लावल्या आणि मग सालाप्रमाणे लावायला हव्या होत्या असे वाटून पुन्हा काढल्या. रकाने सरकलेले नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. काटेकोर बाईंच्या हातून रकाना सरकण्यापेक्षा संस्थेची इमारत सरकणे अधिक संभवनीय होते.

भावोजींना त्या एरवी फोन करून वर बोलावून घेत. आज त्या स्वतः खाली गेल्या, आणि जिन्यात भेटलेल्या दोघांनी त्यांना वाट देताना एकमेकांकडे पाहिले.

संगणक केंद्रात बारमाही गारठा असे. भावोजी वहिनींनीच विणलेला, कोपरांवर दोनदा रफू केलेला स्वेटर घालून बसले होते. वहिनींना दारात पाहून ते उठले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारले.

"कुणी गेलेलं नाही. तो जुना प्रोग्रॅम काढा. मूळ."

"मूळ म्हणजे?"

"तुम्ही लिहिलेला. ज्यातून बासष्ट आलं तो."

भावोजींनी कारण विचारले नाही. प्रोग्रॅम तीन यंत्रांवरून उचलून चौथ्यावर ठेवलेला होता. दर वेळी यंत्र नवे आले आणि तो जसाच्या तसा त्यात उतरवला गेला. भांडी नव्या घरात नेताना झाकणे उघडून कुणी पाहत नाही, तसेच हे. पडद्यावर ओळी वर सरकू लागल्या. वहिनी त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, मग डावीकडे गेल्या, मग पुन्हा मागे आल्या.

"वहिनी, बसा तरी. मला कुणीतरी पाठीमागून पेपर तपासतंय असं वाटतंय."

"तपासतेच आहे. तो हुडकायला सुरुवात कुठून करतो?"

असा प्रोग्रॅम उत्तर एका दमात काढत नाही. एका अंदाजापासून निघतो, माहितीशी थोडा अधिक जुळणारा आकडा घेतो, मग त्याहून थोडा अधिक जुळणारा; अशा फेऱ्यांमागून फेऱ्या करतो, आणि पाऊल टाकूनही फरक पडेनासा झाला की थांबतो. भावोजींचे बोट एका ओळीवर टेकले.

"सत्तरपासून. शून्य पूर्णांक सत्तर. तुम्हीच दिला होतात. म्हणालात, साधारण एवढाच येईल."

"आणि थांबतो कधी?"

बोट खाली घसरले, दोन ओळी पुढे गेले आणि परत आले. तिथे लिहिले होते: फेऱ्या, जास्तीत जास्त दोनशे. शेजारी भावोजींचीच टीप होती. 'परीक्षा विभाग, दोन वाजता.'

दोघेही काही काळ ती टीप वाचत राहिले, जणू ती चार पानांची होती.

त्या काळी संस्थेत एकच मोठे यंत्र होते. सकाळी ते संशोधकांचे असे आणि दुपारी दोनच्या ठोक्याला परीक्षा विभागाचे लोक निकालांचे गठ्ठे घेऊन दारात येऊन उभे राहत. दोन म्हणजे दोन. एकदा काम अर्धवट असताना यंत्र सोडावे लागले आणि तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. त्यावरून वहिनींनी सगळ्यांची जी खरडपट्टी काढली ती भावोजींना आजही तोंडपाठ होती. आजही पावणेदोन वाजले की ते खुर्चीत चुळबुळत आणि टेबल आवरायला घेत. परीक्षा विभाग दुसऱ्या इमारतीत जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

"दोनशे फेऱ्यांना अडीच तास लागायचे," भावोजी म्हणाले. "साडेअकराला सुरू केलं की दोनला बरोब्बर हातावेगळं. म्हणून दोनशे घातले."

"आणि नंतर? यंत्रं बदलली तेव्हा?"

"विसरलो."

"विसरलात."

"वहिनी, पहिल्या नव्या यंत्रावर ते दीड मिनिटात झालं. तुम्ही मला पेढे..." ते थांबले. "मला शाबासकी दिलीत. आकडा तोच आला म्हणून."

आकडा तोच येणारच होता. दर वेळी सत्तरपासून निघायचे, दोनशे पावले चालायचे, आणि दोन वाजले असे समजून थांबायचे. माहिती नवी असो की जुनी, तो बासष्टच्या आसपासच दमत होता. बावीस वर्षे वहिनी ज्याला एकनिष्ठा म्हणत आल्या ती नुसती दमछाक होती.

"पण अपुरं राहिलं तर तो तसं सांगायचा," वहिनी एकदम म्हणाल्या. "मला आठवतंय. खाली एक ओळ यायची."

भावोजी स्वेटरच्या बाहीशी खेळू लागले.

"यायची ना?"

"यायची. 'शोध स्थिरावला नाही' असं छापायचा. तेवढ्या एका ओळीसाठी छपाईयंत्र दुसरा कागद घ्यायचं. तुम्ही म्हणालात, एका ओळीसाठी अख्खा कागद जातो, हा काय उधळेपणा चाललाय. शेवटी मला एकच आकडा छापून द्या, बाकीची कीर्तनं नकोत." ते हळूच म्हणाले, "मी ती ओळ बंद केली."

वहिनींना तो कागद आठवला. कागद आठवला, आपला आवाज आठवला, आणि समोर मान खाली घालून उभा असलेला छत्तीस वर्षांचा दीर आठवला. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

भावोजींनी खुर्ची वळवली. "ऐका माझं. शुक्रवारी चाचणी-प्रतीची मुदत संपते. तुम्ही नकाशांवर खूण करा. नवा टूलबॉक्सच नसला तर पुन्हा मोजणार कोण? काटेकोर बाईंना मी सांगतो, रकाने सरकले होते, चूक माझी."

"खोटं बोलाल?"

"तुमच्यासाठी याआधी बोललोय. तुम्ही या खुर्चीत घोरत पडला होतात तेव्हा दादाला फोनवर कोण सांगत होतं, वहिनी मीटिंगमध्ये आहेत म्हणून?"

"मी घोरत नाही," वहिनी म्हणाल्या आणि निघाल्या. नाही म्हणून निघाल्या की हो म्हणून, हे भावोजींना कळले नाही. वहिनींनाही ते कळले नव्हते.

बुधवारी त्या संस्थेत गेल्याच नाहीत. तब्येत बरी नाही असे त्यांनी कळवले आणि सकाळपासून घरभर फिरत राहिल्या. एका खोलीतून काही आणायला दुसरीत जायच्या आणि तिथे पोचल्यावर तिसरेच काही उचलायच्या. भिंतीवरचे घड्याळ त्यांना वाकडे वाटले. सरळ केले. जेवणाच्या मेजाची जागा बदलली, मग खुर्च्यांना वाट उरेना म्हणून पुन्हा पहिल्या जागी ओढले.

यजमान पुलांचे निवृत्त अभियंता होते. बायको मेज ओढत असताना मधे बोलू नये, हे ते चाळीस वर्षांत शिकले होते. त्यांनी माळ्यावरून प्रवासाची मोठी बॅग काढली होती. निवृत्तीनंतर दोघांना मुलाकडे जायचे होते.

"कुलूप गंजलंय की काय, उघडेना," ते जमिनीवर बसून म्हणाले. मग टक् असा आवाज आला. "उघडलं. शून्य सहा दोन. मी चुकून शून्य दोन सहा लावत होतो."

घरातल्या साऱ्या कुलपांचा आकडा तोच होता. मुलगा लहानपणी म्हणायचा, आमच्या घरात चोर शिरणार असेल तर त्याला आधी अर्थशास्त्र शिकावं लागेल.

वहिनी पलंगाच्या कडेवर टेकल्या. "अहो, तो आकडा चुकीचा असेल तर?"

"पण उघडलं की."

"कुलपाचा नाही म्हणत मी."

यजमानांनी बॅग बाजूला सरकवली. त्या सांगत गेल्या. सत्तरची सुरुवात, दोनशेची मर्यादा, दोन वाजता, तो कागद. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "आतापर्यंत किती जणांनी वापरलाय?"

"एकशे चाळीस लेखांत आहे. दोन समित्यांच्या अहवालांत आहे. तिसरी पुढच्या महिन्यात बसतेय."

"पूल असता तर मी आधी वाहतूक थांबवली असती. चूक कुणाची ते मागाहून."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत पूल घुसडायलाच हवा का?"

"मला दुसरं येतं काय," यजमान म्हणाले आणि बॅगेची चेन तपासू लागले.

वहिनींना त्यांचा राग आला. बराच वेळ पुरला. आधी वाहतूक थांबवायची. म्हणायला काय जाते. पूल कोसळला तर अभियंत्याच्या नावाची पाटी लागत नाही. इथे आकड्यालाच त्यांचे नाव होते. बासष्ट गेले की मागे उरणार काय? चढ्या आवाजाच्या एक वृद्ध बाई, ज्यांनी एक कागद वाचवला.

गुरुवारी सकाळी केंद्र उघडताच त्या भावोजींच्या आधी तिथे हजर होत्या. "मर्यादा काढा," त्या म्हणाल्या. "आणि दर शंभर फेऱ्यांनी थांबून आकडा दाखवू दे. कळ दाबली की पुढे जाऊ दे."

"सलग चालवलं तर दोन सेकंदांत होईल."

"मला दोन सेकंदांत नको आहे."

भावोजींनी तसे करून दिले आणि चहाच्या निमित्ताने बाहेर गेले. वहिनी एकट्याच पडद्यासमोर बसल्या. नव्या टूलबॉक्सने काय सांगितले याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. हा प्रोग्रॅम त्यांचा होता, घरचा होता. तो काय म्हणतो ते त्यांना त्याच्याच तोंडून ऐकायचे होते.

शंभर फेऱ्या: सहासष्ट. कळ. दोनशे: बासष्ट.

पडद्यावर तो आकडा नेहमीसारखा होता, नीटनेटका, ओळखीचा. वहिनींचे बोट कळेवर होते. इथे उठले असते तरी चालले असते. बावीस वर्षे इथेच तर उठत आल्या होत्या. त्यांनी कळ दाबली.

तीनशे: एकोणसाठ. चारशे: छप्पन्न. आकडा उतारावरून धावत नव्हता. सपाट माळावरून पाण्याने वाट काढावी तसा सावकाश, कुठेच न अडखळता सरकत होता. सहाशेला पन्नास झाले. आठशेला सेहेचाळीस. वहिनी उठल्या. खोलीला एक फेरी घातली, यंत्रांच्या मागे जाऊन वायरी पाहिल्या, दाराला हात लावला. परत आल्या तेव्हा पडद्यावर सेहेचाळीसच होते. त्या नसताना तो एक पाऊलही पुढे गेला नव्हता. त्यांच्यासाठी थांबून राहिला होता, आणि किती वेळ थांबवून ठेवायचे हे पुन्हा त्यांच्याच हातात होते.

मग मात्र त्या उठल्या नाहीत. एकामागून एक कळा दाबत गेल्या. चाळीसनंतर पावले इतकी बारीक झाली की तिसऱ्या दशांश स्थळी पाहावे लागे. अठराशेला अडतीस आले, एकोणीसशेला अडतीस, दोन हजारांना अडतीस. त्यांनी आणखी पाच वेळा कळ दाबली. उत्तर बसले होते. त्याला आता कुठेही जायचे नव्हते.

भावोजी दोन कप घेऊन आले. पडदा पाहून त्यांनी एक कप त्यांच्यापुढे ठेवला. "माझा सल्ला अजून तोच आहे," ते म्हणाले. "दोन दिवस जाऊ द्या. मग कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"तुमच्या राहील," वहिनी म्हणाल्या. चहा त्यांनी तसाच ठेवला.

शुक्रवारी सव्वाअकराला चौघे पुन्हा त्याच खोलीत बसले. खरेदी अधिकाऱ्यांनी अर्ज मधोमध ठेवला आणि घड्याळ काढून शेजारी ठेवले. काटेकोर बाईंची वही मिटलेली होती. वहिनींनी बोलायला श्वास घेतला तेवढ्यात भावोजी म्हणाले, "सहावा नकाशांचा. ठरलंय. मंगळवारच्या त्या आकड्याचं म्हणाल तर..."

"भावोजी."

"...रकाने, म्हणजे माझ्याकडून फाइल देताना..."

"भावोजी, गप्प बसा."

वहिनींनी अर्ज स्वतःकडे ओढला. ऑप्टिमायझेशनच्या चौकोनात खूण केली. एवढ्या जोराने केली की ती खालच्या प्रतीवर उमटली, आणि तिच्याखालच्या प्रतीवरही. त्या खुणेपुढे 'समर्थन' असा रकाना होता, दोन ओळींचा. वहिनी लिहू लागल्या.

खरेदी अधिकारी मान वळवून वाचू लागले आणि अस्वस्थ झाले. "वहिनी, एवढं नाही लागत. 'संशोधनासाठी आवश्यक' एवढंच लिहितात सगळे."

"रकाना दिलाय ना तुम्ही?"

"दिलाय, पण तो कुणी वाचत नाही."

"मग मी काय लिहिते त्याची तुम्हाला चिंता नको."

त्यांनी लिहिले होते: 'संस्थेचा जुना प्रोग्रॅम दोनशे फेऱ्यांनंतर उत्तर न सापडताही थांबतो आणि तसे सांगत नाही. त्यामुळे विभागप्रमुखांनी प्रसिद्ध केलेला ०.६२ हा आकडा चुकीचा आहे, ०.३८ हवा.' खाली सही केली. सहीखाली तारीख घातली, आणि अर्ज काटेकोर बाईंपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "मॅडम," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"तुमचे रकाने सरकले नव्हते," वहिनी म्हणाल्या. "मी चौथ्यांदा पाहायला लावलं. लावायला नको होतं."

"मी पाहिलं होतं, चौथ्यांदा."

"माहीत आहे मला. आता दुसरं काम. एकशे चाळीस लेख आहेत. आकडा नुसता उल्लेखलेला कुठे, आणि त्यावर पुढचं गणित बांधलेलं कुठे, हे वेगळं काढायचं. समितीला मी आजच पत्र लिहिते. माझ्या हातात तीन आठवडे आहेत. तुमच्या?"

"आजची दुपार मोकळी आहे," काटेकोर बाई म्हणाल्या आणि वही उघडली.

बाहेर येताच वहिनींनी छापखान्याला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, पहिल्या सोळा पानांचा फॉर्मा आज यंत्रावर चढायचाय. वहिनी म्हणाल्या, उतरवा. तो म्हणाला, बाई, मग पुस्तक समारंभाला हाती नाही यायचं. वहिनी म्हणाल्या, तर समारंभाला मी येईन, पुस्तक मागाहून येईल. एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मग त्या जिना उतरून खाली गेल्या.

भावोजी पडद्यासमोर बसले होते. जुना प्रोग्रॅम उघडा होता. "आकडा तुमच्या नावाचा होता," ते मागे न पाहता म्हणाले. "माझ्या मर्यादेमुळे गेला. हे तुम्ही लिहिलं नाहीत."

"ओळ मी बंद करायला लावली. तेही लिहिलं नाही. दोनच ओळी होत्या."

भावोजींच्या ओठांची एक कड हलली. मग ते कामाला लागले. "ही मर्यादा काढून टाकू कायमची?"

"काढता येते?"

"काढू नये. माहिती बिघडलेली असली तर तो फिरतच राहील."

"मग ठेवा. पण थांबला की का थांबला ते सांगू दे. ती जुनी ओळ होती ना, ती परत घाला."

"दुसरा कागद घेईल हो."

"घेऊ दे."

ओळ सापडायला अर्धा तास गेला. भावोजींनी ती पुसली नव्हती, नुसती झाकून ठेवली होती. त्यांनी झाकण काढले, मर्यादा मुद्दाम दोनशेवरच ठेवली आणि प्रोग्रॅम सुरू केला. छपाईयंत्राने एक कागद बाहेर टाकला. त्यावर एकच आकडा होता, बासष्ट. मग यंत्र थोडे घुटमळले आणि दुसरा कोरा कागद आत ओढून घेतला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अगदी वरच्या कडेला तीनच शब्द उमटले होते, आणि खाली पानभर मोकळी जागा होती: शोध स्थिरावला नाही.

वहिनींनी तो कागद उचलला. इतक्या वर्षांनी पाहूनही त्यांना पहिली शंका तीच आली, की एवढ्याशा ओळीसाठी एवढा कागद. मग त्यांनी त्याची घडी न घालता तो पहिल्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून भावोजींच्या शेजारी बसल्या.

"आता खरं काढू या," त्या म्हणाल्या. "दर सालाची माहिती वेगवेगळी. पहिल्यापासून. अडतीससुद्धा सगळीकडे अडतीस असेलच असं नाही."

"बावीस वर्षांची?"

"तुम्हाला कुठे जायचंय?"

भावोजींनी सवयीने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले होते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटे झाली होती. त्यांनी कागद परत खाली ठेवले, बाह्या सारल्या आणि पहिल्या सालाची फाइल उघडली.